नुसते ‘छान’ नको, नीट बघा!

चळवळीतल्या आपण साऱ्याजणी एका शब्दावर फार दिवस भागवत आलो आहोत. तो शब्द म्हणजे ‘छान’. शिबिरात कुणी गाणे रचले, छान. कुणी भित्तिपत्रक रंगवले, छान. कुणी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढून आणला, फारच छान! हा शब्द प्रेमापोटी येतो हे मला मान्य आहे. तरीही माझे स्पष्ट म्हणणे असे आहे की, हा शब्द बाईच्या कामाचा अपमान करतो आणि आपण तो वापरणे थांबवले पाहिजे.

हे म्हणणे मी एका लहानशा, कोपऱ्यातल्या विषयावरून मांडणार आहे. निसर्गातल्या पोताची छायाचित्रे आणि त्यांच्यावर होणारी, खरे तर न होणारी, टीका हा तो विषय. हिंसाचाराचे, मजुरीचे, जमिनीच्या हक्काचे एवढे प्रश्न समोर असताना झाडाच्या सालीचे फोटो हा काय स्त्रियांचा प्रश्न झाला, असे कुणी विचारील. झाला. कसा, तेच सांगायचे आहे.

पोताचे छायाचित्र म्हणजे काय? जांभ्या दगडाची भोके, ऐनाच्या सालीचे भेगाळ चौकोन, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडलेल्या चिरा, वाळूवर वाऱ्याने ओढलेल्या रेघा, पानाच्या पाठीवरचे शिरांचे जाळे. अशा फोटोत माणूस नसतो, पक्षी नसतो, सूर्यास्तही नसतो. असतो तो फक्त पृष्ठभाग, डोळ्यांनीच ज्यावर हात फिरवावा असा. ‘पोत’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. लुगड्याचा पोत आपण चिमटीत धरून पारखतो, शेतात राबणारी बाई जमिनीचा पोत मुठीत ओळखते. द. ग. गोडसे यांनी आपल्या कलाविचाराच्या पुस्तकाला ‘पोत’ हेच नाव दिले. बोटांना कळणारी ही गोष्ट कॅमेऱ्यात पकडायची तर कौशल्य लागते, आणि कौशल्य आले की त्याची पारखही आली. घोडे अडते ते इथेच.

वहीतले शेरे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात एका संस्थेने बायकांना मोबाइलवर फोटो काढायला शिकवले आणि गावच्या सड्याचे फोटो काढून घेतले. सडा म्हणजे कोकणातले जांभ्या कातळाचे उघडे पठार. परक्या माणसाला तो ओसाड दिसतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुतेक वेळा ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ अशी असते. प्रत्यक्षात पावसाळ्यात याच कातळावर दवबिंदू, सीतेची आसवे अशा कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात, डबकी भरतात, गुरे चरतात, बायका गवत कापतात. अशाच सड्यांवर माणसाने प्राचीन काळी खोदलेली कातळशिल्पे सापडली असून २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली. या गावच्या सड्यावर नवी चिरेखाण येणार अशी कुणकुण होती आणि बायकांचा तिला विरोध होता. तेव्हा हे फोटो म्हणजे फावल्या वेळची हौस नव्हती.

८ मार्चला प्रदर्शन भरले. त्यानंतर महिन्याभराने मला तेथे दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायला बोलावले होते. गेल्या गेल्या अभिप्रायाची वही माझ्या हातात ठेवण्यात आली. ‘छान.’ ‘अप्रतिम.’ ‘भगिनींचे कौतुक करावे तेवढे थोडे.’ ‘किती निरागस नजर!’ पानामागून पाने भरलेली होती. पण एकाही शेऱ्यात कोणत्याही एका फोटोचा उल्लेख नव्हता. ही वही पाककृतींच्या स्पर्धेत ठेवली असती तरी चालली असती.

एक शेरा मात्र वेगळा होता. तो एका छायाचित्रण क्लबच्या जुन्या सभासदाचा होता. ‘विषय नाही. केंद्रबिंदू नाही. प्रकाश सपाट. प्रयत्न चांगला.’

पुढे हेच फोटो घेऊन बायका चिरेखाणीविरुद्धचा अर्ज द्यायला तालुक्याच्या कार्यालयात गेल्या. तेथल्या अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. हा फोटो नेमका कुठला? केवढ्या जागेचा? केव्हाचा? कातळ तळहाताएवढा आहे की वावराएवढा, हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. पोताच्या फोटोची जादू तीच असते आणि धोकाही तोच. त्यात आकारमान हरवते. फोटो परत मिळाले, अर्ज तेवढा ठेवून घेतला गेला.

मैत्रिणींनो, त्या अधिकाऱ्याचे प्रश्न कठीण नव्हते. प्रदर्शनाला आलेल्या दीडदोनशे माणसांपैकी एकीने जरी ते आधी आपुलकीने विचारले असते, तर बायकांनी त्याच आठवड्यात पुन्हा सड्यावर जाऊन फोटोशेजारी विळा ठेवून दुसरा फोटो काढला असता. पण प्रश्न विचारणे म्हणजे दुखावणे, असे आपण ठरवून टाकले आहे. त्यामुळे जो प्रश्न मैत्रिणीने विचारायचा तो अधिकाऱ्याने विचारला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. ‘छान’ फुकट मिळते, पण शेवटी महाग पडते ते असे.

दुपारचे ऊन

आता क्लबच्या सभासदाकडे वळू. त्याने ‘प्रकाश सपाट’ लिहिले ते खोटे नव्हते. पोत दिसतो तो सावलीमुळे. ऊन तिरपे आले की प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळते आणि दुसरी काळी होते. कातळाला उठाव येतो. ऊन डोक्यावर असले की आडव्या कातळावरचा खड्डा आणि उंचवटा एकसारखेच दिसतात. म्हणून या छायाचित्रणाचे कोणतेही पुस्तक सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना बाहेर पडा असे सांगते.

कार्यशाळेत मी एकच फोटो भिंतीवर लावला. कातळ आणि त्यावर पांढऱ्या-नारिंगी दगडफुलांचे चट्टे होते. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच दगडफुलाची ही भावंडे. फोटो काढणाऱ्या बाईंना मी विचारले, “हा किती वाजता काढलात?”

“दुपारी. एक वाजला असेल.”

“दुपारीच का गेलात?”

“मग कधी जाऊ, ताई? सकाळी पाणी, चूल, पोरांचे डबे. आठला बागेच्या कामावर. संध्याकाळी परत चूल. एकला जेवायची सुट्टी होते, तेव्हा पटकन जेवून सड्यावर गेले.”

खोलीत सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. प्रत्येकीचा फोटो दुपारचाच होता!

सकाळचा आणि संध्याकाळचा जो तिरपा, सोनेरी उजेड छायाचित्रकार जीव टाकून धरतात, तो नेमका बाईच्या चुलीच्या वेळेचा उजेड आहे. तिच्या फोटोतला सपाट प्रकाश हे अज्ञान नव्हे, ते तिचे वेळापत्रक आहे. क्लबच्या सभासदाला सपाट प्रकाश दिसला, पण तो का सपाट आहे हे विचारावेसे वाटले नाही. त्याची सकाळ मोकळी असते आणि ती मोकळी कोण करून देते, हे त्याच्या घरातल्या बाईला विचारावे! पण आपण तरी काय केले? आपण ‘छान’ म्हटले आणि त्या प्रकाशाकडे पाहिलेच नाही. त्याने दोष दाखवून बाईला दोषी ठरवले, आपण दोष झाकून तिचे कष्ट झाकले. दोघांच्याही हातून ती एक वाजताची सुट्टी निसटली. ती सापडली एका साध्या प्रश्नाने, आणि असा प्रश्न विचारणे यालाच मी टीका म्हणते.

गोष्ट तेथेच संपली नाही. कारण कळले म्हणून फोटो सुधारत नाही, आणि ‘बिचारीला वेळच मिळत नाही’ असे म्हणून थांबलो तर ती पुन्हा दयाच झाली. म्हणून मी पुढचा प्रश्न टाकला : दुपारचे ऊन कशावरून तिरपे जाते? थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाजूने एक आजी म्हणाल्या, “विहिरीच्या भिंतीवरून. दुपारी ऊन भिंतीला घासत खाली उतरते. एकेक चिरा मोजून घ्यावा!”

बरोबर! डोक्यावरचे ऊन आडव्या कातळाला सपाट करते, पण उभ्या पृष्ठभागाला ते तिरपेच लागते. म्हणजे एक वाजताच्या सुट्टीत झाडाच्या खोडाकडे वळायचे, दरडीकडे वळायचे. आणि जुन्या चिरेखाणीकडेही. यंत्राने कापलेल्या जांभ्याच्या उभ्या भिंतीवर पात्याच्या समांतर रेघा असतात. दुपारच्या उन्हात त्यांचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत बायका तेथे जाऊन आल्या. वरच्या काठावर दगडफूल धरलेला काळपट कातळ, आणि त्याच्याखाली कापलेली लालभडक भिंत. या फोटोंबद्दल ‘विषय नाही’ असे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निसर्ग कुणाचा?

पण हा फोटो क्लबच्या स्पर्धेत निसर्ग विभागात चालला नसता. का, ते नीट समजून घेऊ. अमेरिकेतील ‘पीएसए’, आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिआप’ आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तीन संस्थांनी मिळून निसर्ग छायाचित्राची एक व्याख्या केली. ती २०१५ पासून लागू झाली आणि आपल्याकडच्या अनेक स्पर्धांतही ती प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार फोटोत मानवी खुणा नकोत. निसर्गाच्या कथेचाच भाग असतील, उदाहरणार्थ माणसाच्या इमारतीत घरटे करणारे घुबड, तरच त्या चालतील. लागवडीची झाडे चालत नाहीत, पाळीव जनावरेही चालत नाहीत.

यामागचा हेतू मला समजतो. पिंजऱ्यातला वाघ जंगलातला म्हणून खपवू नये, संगणकावर चंद्र चिकटवू नये, हे ठीकच आहे. पण आपल्या डोळ्यांनी ही व्याख्या वाचा. भातखाचराचा चिखल निसर्ग नाही. कवळासाठी तोडलेल्या ऐनाच्या फांदीचा वळ निसर्ग नाही. शेणाने सारवलेल्या अंगणावरची बोटांची वळणे तर नाहीतच. ज्या निसर्गाला बाईचा हात रोज लागतो, तो या व्याख्येत बसत नाही. निसर्ग म्हणजे जेथे कुणी राबत नाही ती जागा! ज्याला निसर्गात फक्त सुट्टीच्या दिवशी जायचे असते त्यालाच अशी व्याख्या सुचू शकते.

म्हणून टीका करणे म्हणजे क्लबचे नियम पाठ करून आपल्या मैत्रिणींवर चालवणे, असे कुणी समजू नये. स्पर्धेत जायचे असेल तर तिचे नियम माहीत हवेत, तेवढेच. आपली मोजपट्टी आपण घडवायची, आणि ती क्लबपेक्षा सैल नको, कडक हवी. फोटो कशासाठी काढला? तो ते काम करतो का? करत नसेल तर कुठे अडतो? या तीन प्रश्नांना उत्तर देणे ‘केंद्रबिंदू’ शोधण्यापेक्षा अवघड आहे.

‘निरागस’ म्हणजे कोण?

वहीतला मला सर्वांत झोंबलेला शेरा क्लबचा नव्हता. तो होता ‘किती निरागस नजर!’ हा, आणि तो आपल्यातल्याच कुणा शिकलेल्या बाईचा होता. लाखाची लेन्स घेऊन हिंडणाऱ्या पुरुषाच्या नजरेला कुणी निरागस म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तो ‘अभ्यासू’ असतो. निरागस असते ती खेड्यातली बाई, दलित बाई, आदिवासी बाई. म्हणजे तिने विचार केला नाही, निवड केली नाही, तिच्या हातून आपोआप घडले. हे कौतुक आहे की तिचे डोके नाकारणे आहे?

या छायाचित्रणाचा इतिहासच सांगतो की येथे बायका सुरुवातीपासून विचारपूर्वक काम करत आल्या आहेत. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ साली समुद्रशेवाळांची छायाचित्रे काढायला घेतली. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवून तो उन्हात धरायचा आणि पाण्याने धुवायचा. निळ्या कागदावर शेवाळाचा तंतून् तंतू पांढरा उमटे. हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्यांनी त्यावर नुसती ‘ए. ए.’ अशी आद्याक्षरे घातली होती. पुढे एका संग्राहकाने त्या अक्षरांचा अर्थ काय लावला असेल? ‘अनामिक हौशी’!

अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम यांना १९२० च्या दशकात तीन लहान मुलगे होते. घर सोडून जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी घरच्या बागेतली फुले आणि पाने जवळून टिपली. पाकळीचा, देठाचा पोत त्यांनी असा काही दाखवला की आज त्या फोटोंवाचून छायाचित्रकलेचा इतिहास लिहिता येत नाही. १९३२ साली काटेकोर स्पष्टतेचा आग्रह धरणारा ‘एफ ६४’ हा गट निघाला, त्यातही त्या होत्या. बागेपुरते जग मिळाले म्हणून त्यांनी कामाची पट्टी खाली आणली नाही, आणि त्यांना ‘निरागस’ म्हणावे असे कुणालाही वाटणार नाही.

‘मीठ कमी आहे’

आता आपल्यातल्या मैत्रिणींचा आक्षेप घेते. तो मी अनेक बैठकांत ऐकला आहे : “बाई जन्मभर बोलणीच खाते. घरी सासू, नवरा, कामावर मुकादम. निदान आपल्यात आली की तिला कौतुक मिळू दे. आत्मविश्वास वाढू दे. टीका नंतर बघू.”

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. खरेच, बहुतेक बायकांना टीकेचा एकच नमुना माहीत आहे : भाजीत मीठ कमी आहे. ताट पुढे सरकवायचे आणि तेवढे बोलायचे. बोलणाऱ्याने स्वतः कधी फोडणी घातलेली नसते. काय झाले असे तो विचारत नाही, तिचे उत्तर ऐकायला थांबत नाही, आणि भाजीवरून गाडी तिच्या माहेरावर कधी जाते ते कळतही नाही. हा टोमणा आहे, ही सत्ता आहे. याला टीका म्हणणे म्हणजे टीकेवर अन्याय आहे.

पण यावर उपाय म्हणून आपण काय देतो? अळणी भाजीलाही ‘छान’! त्याने टोमण्याची भीती जात नाही. बाईला कळत असते की हे कौतुक भाजीकडे न बघता केलेले आहे. आत्मविश्वास असा वाढत नाही. पहिला फोटो सपाट होता, विचारले, शोधले, दुसरा काढला आणि त्यात दगड उठून आला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की आत्मविश्वास वाढतो. ‘टीका नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, हे ‘नंतर’ आजवर कोणत्या गटात आले?

उलट, उघड टीका नसली की काय येते ते आपण सगळ्याजणींनी पाहिले आहे. बैठकीत ‘छान’ आणि परतीच्या एसटीत कुजबुज. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतील जो फ्रीमन यांनी १९७६ मध्ये याच दुखण्यावर एक लेख लिहिला होता. भगिनीभावाच्या नावाखाली चळवळीतल्या बायकाच एकमेकींना आतून कशा संपवतात, हे त्यांनी त्यात मांडले. माझे म्हणणे त्याला जोडून आहे : कामावर तोंडावर बोलता येत नाही, तेथे माणसावर पाठीमागे बोलले जाते.

टीका घेणे

टीका घेणे हीदेखील शिकायची गोष्ट आहे. फोटो भिंतीवर लागताच बाई म्हणते, “मला काही येत नाही हो, असाच सहज काढला.” हे वाक्य आपण सगळ्याजणी वापरतो. कुणी मारायच्या आत आपणच स्वतःला मारून घ्यायचे, म्हणजे लागत नाही! पण त्यात एक खोटेपणा आहे. जेवणाची सुट्टी मोडून, उन्हात सडा चढून, सात फोटोंतून एक निवडून आणला, त्याला ‘सहज’ कसे म्हणायचे? कार्यशाळेत आम्ही हे वाक्यच बंद केले. त्याऐवजी फोटो काढणारीने एवढेच सांगायचे : मला यात काय दाखवायचे होते.

मग तिने गप्प बसायचे आणि ऐकायचे. लगेच खुलासा करायचा नाही. फोटो अर्जाला जोडला जाईल तेव्हा खुलासा करायला ती तेथे असणार नाही. तो फोटो एकट्यानेच बोलणार आहे. ऐकलेले लिहून घ्यायचे किंवा मैत्रिणीकडून लिहवून घ्यायचे. शेवटी काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते तिनेच ठरवायचे. टीका नाकारण्याचा हक्क हा टीकेचाच भाग आहे. भाजीच्या ताटावर नसतो तो नेमका हाच हक्क.

टीका करणारीसाठीही शिस्त हवी. अमेरिकन नृत्यकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत घडवली. आधी बघणारीने आपल्याला काय जाणवले ते सांगायचे. मग काम करणारीने प्रश्न विचारायचे. मग बघणारीने मत न लादता प्रश्न विचारायचे. आणि मत सर्वांत शेवटी द्यायचे, तेही काम करणारीची परवानगी घेऊन. याच दशकात चीनमधल्या युनान प्रांतात कॅरोलिन वाँग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. बायकांनी आपल्या आयुष्याचे फोटो काढले आणि गटात बसून बोलल्या : यात काय दिसते, खरोखर काय चालले आहे, असे का आहे, आपण काय करू शकतो. आम्ही दोन्हींतून आपल्याला पेलेल तेवढे घेतले. आधी फक्त दिसते ते सांगायचे : ‘डावीकडची भोके स्पष्ट आहेत, उजवीकडची पुसट.’ मग विचारायचे : ‘मोबाइल कसा धरला होतास?’ तो कातळाला समांतर धरला नाही तर एक बाजू दूर जाते आणि पुसट होते, हे मग कुणी शिकवावे लागत नाही. मत त्यानंतर.

उलटे टांगलेले चित्र

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टीका दोन्ही दिशांनी वाहिली पाहिजे. शहरातल्या आपण कार्यकर्त्या खेड्यातल्या बायकांच्या फोटोंवर बोलतो. आपले काम त्यांच्यापुढे कधी ठेवतो?

कार्यशाळेला आलेल्या एका शहरी छायाचित्रकार मैत्रिणीने याच सड्याचा, सकाळच्या उन्हात काढलेला आपला एक मोठा फोटो भिंतीवर लावला होता. पोत उत्तम उतरला होता. आम्ही सगळ्या शिकलेल्या बायका माना डोलावत होतो. विहिरीच्या भिंतीबद्दल बोललेल्या त्याच आजी जवळ गेल्या, डोके तिरके करून पाहिले आणि म्हणाल्या, “हे उलटे लावलेय. सड्यावर अशी टेंगळे नसतात, खळगे असतात.” फोटो फिरवला, आणि खरेच, सगळी टेंगळे क्षणात खळगे झाली. आपला डोळा उजेड वरून येतो असे धरून चालतो. फोटो उलटा झाला की सावल्या उलटतात आणि खड्ड्याचा उंचवटा दिसू लागतो. हे शास्त्र आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. आजींना तो सडा ठाऊक होता. त्या मैत्रिणीने खिळा काढून फोटो सरळ लावला आणि आजींना आणखी चार फोटो दाखवून काय चुकले ते विचारून घेतले. दोन दिवसांतली सर्वांत चांगली टीका कुणी केली असे मला विचाराल तर ती या आजींनी केली.

त्या बायकांनी नव्याने फोटो काढले. प्रत्येक जागेचे तीन : एक दुरून, सडा ओळखू येईल असा, एक मधला, विळा किंवा बांगडी शेजारी ठेवून, आणि एक अगदी जवळून, पोताचा. मागे गट क्रमांक, तारीख आणि काढणारीचे पूर्ण नाव. हा संच अर्जाला जोडून त्यांनी पुन्हा दिला आणि या वेळी त्याची पोच घेतली. चिरेखाणीचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही. लढाई चालू आहे. पण ‘हा कुठला दगड?’ असे आता त्यांना कुणी विचारू शकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, माझी मागणी साधी आहे. पुढच्या प्रदर्शनात अभिप्रायाची कोरी वही ठेवू नका. वहीत तीन रकाने आखा : कोणता फोटो, त्यात काय दिसले, काय विचारावेसे वाटते. चौथा रकाना आखूच नका, म्हणजे ‘छान’ लिहायला जागाच उरणार नाही. दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास एका फोटोला द्या, एका पत्रकाला द्या, एका गाण्याला द्या. कार्यकर्तीचे काम आधी भिंतीवर लावा, सभासद बाईचे नंतर.

बाईच्या कामाकडे कुणी नीट बघत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. तिच्या शेतकामाकडे नाही, घरकामाकडे नाही. मग निदान आपण तरी तिच्या फोटोकडे नीट बघू या. तिला विचारू या : हे कुठले, केवढे, केव्हाचे, आणि दुपारीच का?